घासलेल्या हौदातले मासे

फार मागे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक कारभारीणबाई राहत असत. पुढे जे काही बरेवाईट घडले ते त्यांच्याच हातून घडले. इतर कोणावर ठपका येऊ नये, म्हणून हे आरंभीच सांगितलेले बरे.

गावच्या चावडीची सारी व्यवस्था कारभारीणबाईंकडे होती. चावडीतल्या समया, घागरी, सतरंज्या यांवर धुळीचा कण दिसला, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी घासलेल्या तांब्यात स्वतःचा चेहरा पाहून माणसे पागोटे नीट करीत. त्यामुळे गावाला त्यांचा अभिमान होता आणि त्यांनाही स्वतःचा अभिमान होता.

त्या गावात एक जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती. तिच्यात चंदेरी मासे होते. ते डासांच्या अळ्या खात, त्यामुळे पाणी निर्मळ राहत असे. तसे मासे आसपासच्या खोऱ्यात दुसरीकडे कोठेही नव्हते. एके वर्षी बारवेच्या पायऱ्या ढासळल्या. गवंडी म्हणाले, "पाणी उपसल्याशिवाय काम होणार नाही."

"आणि मासे?" पाटलांनी विचारले.

चावडीत एक मोठा काचेचा हौद नवाकोरा पडून होता. राजाने तो गावाला भेट म्हणून पाठविला होता आणि त्याचे काय करावे हे आजवर कोणालाच सुचले नव्हते. कारभारीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मासे माझ्या स्वाधीन करा. बारव झऱ्यांनी पुन्हा भरली, की आलेले सगळे मासे मी जसेच्या तसे परत करीन."

भर सभेत दिलेला शब्द होता तो.

त्यांनी हौद राखेने घासला. तळाशी घालायचे पांढरे खडे चिंचेच्या कोळाने धुतले. गावातल्या दुसऱ्या विहिरीचे पाणी फडक्यातून गाळून ओतले. हौद असा लखलखला, की आत पाणी आहे की नाही, हेच कळेना. मग त्यात मासे सोडण्यात आले.

नव्या घरात कोणी राहायला आले, की प्रत्येक घराने त्याच्याकडे एक घास पोहोचवायचा, अशी त्या गावची रीत होती. माशांना नवे घर मिळाले होते. मग काय! कोणी भात आणला, कोणी कणकेच्या गोळ्या, कोणी लाडवाचा चुरा. गावातल्या सर्वांत वृद्ध आजीबाई तर पुरणपोळीचा तुकडा घेऊन आल्या.

"आजी, मासे पुरण खातात का?" कोणीतरी विचारले.

"तू विचारलंस का त्यांना?" असे म्हणून आजीबाईंनी तुकडा टाकलाही.

थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. त्यांचे कल्ले लाल दिसू लागले. पाण्याला उग्र वास येऊ लागला. कारभारीणबाईंनी ओळखले, की ही घाण आहे, आणि घाणीवरचा उपाय त्यांना ठाऊक होता. त्यांनी मासे घागरीत काढले, सगळे पाणी ओतून दिले, काच आणि खडे पुन्हा राखेने घासले आणि विहिरीचे थंडगार पाणी भरले.

मासे जरा सावरल्यासारखे दिसले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा वर आले. बाईंनी पुन्हा हौद घासला. मासे पुन्हा वर आले. मग त्या रोज घासू लागल्या. जितका हौद चमके, तितके मासे मलूल होत. कारभारीणबाईंना काही उलगडेना. स्वच्छतेने कोणी आजारी पडते का? की आपले हातच पुरेसे स्वच्छ नाहीत? त्यांनी हातही राखेने घासले.

गावकऱ्यांच्या मनात वेगळेच होते. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, गवंड्यांच्या ठोकाठोकीने मासे धास्तावले. आजीबाई म्हणाल्या, "अशक्तपणा आलाय. आणखी खायला घाला." हौदावर कोणीतरी लिंबू-मिरची टांगली. असल्या गोष्टींवर कारभारीणबाईंचा विश्वास नव्हता. तरीही ती काढून टाकण्याचे धाडस त्यांना झाले नाही.

एके सकाळी एक मासा पोट वर करून तरंगताना दिसला.

कारभारीणबाईंनी तो ओंजळीत घेतला. दिलेला शब्द मोडला होता. उरलेले मासेही गेले, तर बारव भरेल खरी. पण तिच्यात चंदेरी पाठ पुन्हा कधी दिसणार नाही, आणि ती आपल्यामुळे दिसणार नाही, हा विचार त्यांच्या मनात आला. आपण कोठे चुकलो, हेही कळत नव्हते. चूक कळली असती, तर ती त्यांनी घासून काढली असती.

चावडीच्या मागे एका म्हशीवालीचे घर होते. तिथल्या शेणाचा वास माशांना बाधत असावा, असे मनात धरून कारभारीणबाई तिला खडसावण्यासाठी निघाल्या. अंगणात पाऊल टाकले आणि त्या थबकल्या. गुरांना पाणी पाजण्याच्या दगडी डोणीत ओढ्यातले मासे खेळत होते. डोणीला हिरवे शेवाळ धरले होते. तळाशी शेवाळलेले दगड आणि कुजकी पाने होती.

"अगं, हे मासे जिवंत कसे?" कारभारीणबाईंच्या तोंडून गेले.

"म्हणजे? मरायला हवे होते का?" म्हशीवाली म्हणाली.

"ही डोणी तू कधी घासतेस?"

म्हशीवाली ओशाळली. "बाई, खरं सांगू? लग्न होऊन आले, तेव्हापासून नाही. गुरं पाणी पितात, तेवढी भर घालते. आळशी म्हणा हवं तर. सगळं गाव म्हणतंच."

"मग मासे कशाने जगतात?"

"मला काय ठाऊक? मी त्यांना कधी विचारलं नाही. तुमचे मासे आणून सोडा हवं तर. पण डोणी लहान आहे, यांनाच पुरत नाही. शिवाय म्हैस तोंड घालते ते वेगळंच."

कारभारीणबाई गोंधळून उभ्याच राहिल्या. गावातले सर्वांत घाणेरडे पाणी, आणि त्यात मासे धष्टपुष्ट! तेवढ्यात म्हशीवालीने आपले गाऱ्हाणे काढले.

"तुम्ही आलातच, तर हे गाडगं बघा. सुनेनं नवं गाडगं धुऊन-पुसून दूध ठेवलं. सकाळी दही तर नाहीच, दूधही नासलं."

समोर चूक दिसली, की कारभारीणबाईंना ती दुरुस्त केल्यावाचून राहवत नसे. "विरजण लावलं होतं का?"

"तेच विसरली."

"मग दही होईल कसं? गाडगं कितीही स्वच्छ धुतलं, तरी दही काही धुण्यानं होत नाही. जुन्या दह्यातलं थोडं नव्यात घालावं लागतं. आणि एकदा घातलं, की ते सारखं ढवळायचं नाही, ओतायचं नाही, गाडगं..."

"गाडगं काय?" म्हशीवालीने विचारले.

"गाडगं घासायचं नाही," कारभारीणबाई हळूच म्हणाल्या. त्या डोणीकडे पाहत राहिल्या. विरजणात काय असते, हे त्यांना माहीत नव्हते. ते डोळ्यांना दिसत नाही, तरीही दुधाचे दही करते, एवढे ठाऊक होते. तसेच काही या शेवाळलेल्या दगडांवर वस्तीला असेल का? माशांची घाण पचवून पाणी राहण्याजोगे करणारे काही? आणि आपण रोज सकाळी राखेने तेच पुसून टाकत असलो तर?

"या डोणीतले काही दगड मला दे."

"चावडीत न्यायला? थांबा, घासून देते."

"खबरदार घासलेस तर!" कारभारीणबाई ओरडल्या. आयुष्यात प्रथमच त्यांच्या तोंडून असे शब्द निघाले होते.

ते बुळबुळीत हिरवे दगड डोणीतल्याच पाण्यात बुडवून, बादली हातात घेऊन त्या भर रस्त्याने निघाल्या. लुगड्यावर शेवाळाचे ओघळ आले. पाटील वाटेत भेटले.

"बाई, हे काय?"

"विरजण," त्या म्हणाल्या.

"याने मासे जगतील?"

"माहीत नाही."

पाटलांनी हे उत्तर त्यांच्याकडून कधी ऐकले नव्हते. ते बाजूला झाले.

दगड हौदात ठेवल्यावर कारभारीणबाईंनी माशांना एक दिवसाआड चिमूटभरच खाणे द्यायचे ठरविले. जे खाल्ले न जाता उरते, तेच कुजते, हे त्यांना स्वयंपाकघरातून ठाऊक होते. आजीबाई संतापल्या. "पाहुण्याला उपाशी ठेवतेस? आपल्या गावाची काय शोभा!"

"आजी, एवढ्या घासांनीच पाहुणे आजारी पडले असावेत, असं मला वाटतं."

"असावेत म्हणजे? तुला नक्की ठाऊक नाही?"

"नाही ठाऊक, आजी."

खरी परीक्षा पुढेच होती. पाणी निवळण्याऐवजी दुधासारखे पांढरट झाले. चावडीत गर्दी जमली. "बाई, हौद ओता! आता घासा!" असा गलका झाला. कारभारीणबाईंच्या हाताला राखेचा डबा लागलाही. सगळे आयुष्य त्यांना सांगत होते, की घास; आणि एक मासा हौदाच्या कोपऱ्यात पंख मिटून पडला होता. आपण त्याला वाचवत आहोत की मारत आहोत?

त्यांनी डबा खाली ठेवला. हौदातले थोडेसेच पाणी घागरीने काढले आणि सकाळपासून अंगणात ठेवून कोमट केलेले तेवढेच पाणी उंचावरून, हवा खेळवीत, हलकेच ओतले. खड्यांना हात लावला नाही. रोज तेवढेच पाणी बदलायचे आणि काचेला फडकेही लावायचे नाही. काचेवर तपकिरी थर धरू लागला, तेव्हा त्या तोंड फिरवून बसत.

पुष्कळ दिवस काहीच कळेना. मासे आज बरे वाटत, उद्या पुन्हा वर येत. म्हशीवाली रोज डोकावून विचारी, "बाई, दही लागलं का?" कारभारीणबाई मान हलवीत, पण ती होकाराची की नकाराची, हे त्यांनाही सांगता आले नसते.

मग एके दिवशी पाणी आपोआप निवळले. मासे तळाशी उतरले. कोपऱ्यात पडलेला तो मासा हिरव्या दगडावर चोच मारल्यासारखा तोंड मारू लागला. आजीबाई हौदाला नाक लावून म्हणाल्या, "हे कसं झालं गं?"

"पूर्ण कळलं नाही, आजी. पण झालं खरं."

बारव बांधून झाली आणि झऱ्यांनी पुन्हा भरली. मासे बारवेत सोडले जात असताना कारभारीणबाई सर्वांसमोर म्हणाल्या, "मी सगळे परत देईन म्हणाले होते. एक परत देऊ शकले नाही. तो माझ्या घासण्याने गेला."

त्यानंतर चावडीत सभा भरली. ठरले ते असे: हौद रिकामा ठेवायचा नाही; म्हशीवालीच्या डोणीत न मावणारे मासे त्यात ठेवायचे. नव्या हौदात जीव ठेवण्यापूर्वी जुन्या पाण्यातले दगड ठेवावे. मासे आधीच आत असतील, तर थोडे खाणे, थोडे-थोडे पाणी बदलणे आणि धीर, याखेरीज दुसरे काही करू नये. हौदाची देखरेख कारभारीणबाई आणि म्हशीवाली या दोघींनी मिळून करावी. पाटलांनी तत्काळ होकार दिला. आपली डोणी घासायला कोणी सांगणार नाही, या अटीवर म्हशीवालीने मान्यता दिली. सणासुदीला एक चिमूट जास्त घालू द्याल, तर हो, असे आजीबाई म्हणाल्या. ते मात्र मान्य झाले नाही, तरीही त्यांनी कुरकुरत होकार दिला. सर्वांत शेवटी कारभारीणबाईंनी हात वर केला.

तात्पर्य एवढेच, की नव्या जागी जीव जगवायचा असेल, तर तेथे न दिसणाऱ्या गोष्टींनाही रुजायला वेळ द्यावा लागतो. आणि कळत नसताना हात चालविण्यापेक्षा, कळत नाही असे म्हणून हात आवरणे अधिक हिताचे असते.