मेलेल्यांनी दिलेली ओ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कोणी उरलं नाही. तिथे धनी मेला की मृत्युपत्रातून शेतं, गुरं, भांडीकुंडी आणि दासदासी त्याच्या मुलाबाळांना वाटून मिळत. यादीत माणसांची नावं भांड्यांच्या खाली लिहीत, यावरून काय ते समजा.

वाटणीची एक रीत होती. कारकुनाने अंगणात नाव पुकारायचं आणि त्या दासाने ओ द्यायची. ओ दिली की तो नव्या धन्याचा झाला. ओ दिल्यावाचून मालकी लागू होत नसे. पण गप्प राहणाऱ्याला चाबूक बसे, म्हणून गप्प कोणी राहत नसे.

असाच एक सरदार वारला. त्याच्या घरी भिवरी नावाची दासी होती. तिचा नवरा राणू बारा वर्षांपूर्वी याच अंगणात चाबकाखाली गेला होता. तिला उरली होती एकच मुलगी, मैनी. आता मृत्युपत्रात भिवरी सरदाराच्या मुलाला लिहिली होती आणि मैनी डोंगरापलीकडे दिलेल्या सरदाराच्या लेकीला.

तेराव्याला सकाळीच भिवरीने मुलाचे पाय धरले. "धनी, पोरीला माझ्यापासून तोडू नगा. एवढी एकच हाय मला."

"वडिलांच्या शब्दाबाहेर मी नाही," मुलगा म्हणाला. दुसऱ्याचं काळीज तोडताना माणसं फार आज्ञाधारक होतात.

भर दुपारी सगळे अंगणात जमले. कारकून चाचरत म्हणाला, "मालक, कागद जुना आहे. यातली काही माणसं आता हयात नाहीत. ती नावं गाळू का?"

मुलाला संशय आला. कारकून एखादा दास लपवत असला तर? "एकही नाव गाळायचं नाही. लिहिलंय ते सगळं हवं मला."

कारकुनाने घाम पुसला आणि वाचलं, "गोठ्यावरचा दास राणू."

मग रांगेच्या टोकाला, जिथे कोणीच उभं नव्हतं, तिथून आवाज आला. "ओ."

तो आवाज भिवरीने कुठेही ओळखला असता. धुळीत पावलं उमटत गेली आणि मुलाच्या मागे जाऊन थांबली.

"दळणावरची धोंडी, अंगावरच्या मुलासह."

"ओ," एक बाई म्हणाली, आणि तान्हं रडलं. अशी मेलेल्यांची अकरा नावं झाली. मुलाच्या मानेला गार श्वास लागू लागला.

भिवरी रडली नाही, तिला संताप आला. मरूनही तिचा माणूस सुटला नव्हता. जन्मभर ओ देत आला, म्हणून मेल्यावरही हाकेला उभा होता.

"दासी भिवरी," कारकुनाने पुकारलं.

ती गप्प राहिली. मैनीच्या तोंडावर तिने हात ठेवला.

मुलाने चाबूक उगारला. हात वर गेला तो तिथेच अडकला. कोणीतरी मागून मनगट धरलं होतं. त्याने ओढून पाहिलं, पण काही केल्या सुटेना.

"तू पोरीला घेऊन नीघ," राणूचा आवाज म्हणाला. "म्यां धरलंय ह्याला."

भिवरीने त्या रिकाम्या जागेकडे डोळे भरून पाहिलं आणि मुलीला घेऊन दाराबाहेर पडली. तिच्यामागून एकेक करत सगळे जिवंत दासदासी निघाले. ओ कोणीच दिली नाही. वाटणीसाठी आलेली सरदाराची लेक काही न घेताच सासरी पळाली.

मुलाला मात्र ओ देणारे सगळे मिळाले. पुढे म्हातारपणी अंथरुणावरून तो पाणी मागायचा, तेव्हा घरातल्या प्रत्येक खोलीतून "ओ" यायची. पाणी कधीच यायचं नाही. दार उघडं असूनही त्या खोल्यांमधून त्याला बाहेर पडता येत नसे, कारण जिकडे वळावं तिकडे कोणीतरी उभं असे.

तात्पर्य : जो माणसांना वारशात घेतो, त्याला त्यांचे हालही वारशातच घ्यावे लागतात.