कुरकुरणारी पट्टी

साखर कारखान्याचे चेअरमन भाऊसाहेब इंगवले यमुनाबाईंच्या गॅरेजात आले ते तणतणतच. "बाई, ब्रेक दाबला की गाडी कुरकुरते. तो आवाज आधी बंद करा. मला कुरकुर खपत नाही. बॉयलरच्या नावानं कुरकुरणारा फोरमन मी कालच घरी पाठवला!"

यमुनाबाईंनी चाक खोललं आणि पत्र्याची बोटभर पट्टी दाखवली. "कुरकुरतेय ती ही. ब्रेकचं पॅड झिजलं की ओरडायचं, एवढंच हिचं काम. काढून टाकू? गाडी एकदम गप्प होईल."

"मग?"

"मग पुढचा आवाज थेट घाटातल्या दरीतून येईल."

भाऊसाहेबांनी घाम पुसला. "नवीन पॅड टाका. पट्टीसकट!"

"टाकते की," यमुनाबाई पाना उचलत म्हणाल्या, "तोवर तुम्ही फोरमनला फोन लावून घ्या."