मिटल्या तोंडाचा फोटो

"सर, सीटी स्कॅन कधी खोटं बोलतो का?"

"नाही," केळुसकर सर म्हणाले.

दातांच्या रुग्णालयातली सकाळची ओपीडी. विचारणारा परिमल सबनीस, आमच्या तुकडीतला सगळ्यांत हुशार. तसं तो स्वतःच सांगायचा, आणि पंचाईत अशी, की ते खरं होतं.

त्याने फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली.

"मग झालं तर. जबड्याचे दोन्ही सांधे ठणठणीत. हाडाला केसाएवढी चीर नाही. बाईंना काहीही झालेलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बाई म्हणजे तुळसाबाई खोत. गालाला पदर लावून समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाच महिने त्या भाकरी चहात भिजवून गिळत होत्या.

"डाक्टर," त्या सरांना म्हणाल्या, "तसं कागदावर लिवू नगासा. पोरगा भाईर बसलाय. फोटोत काय निघालं न्हाई तर परत आणणार न्हाई म्हणतोय. सून म्हणती, म्हातारीचं सोंग हाय."

मला फार वाईट वाटलं. पण परिमलपुढे आम्ही कोणीच बोलत नसू.

सरांनी त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"मावशी, पिशवीत भाकरी आहे?"

"हाय की. पोरासाठनं आणलीया."

"एक घास मोडा. सबनीस, हातमोजे घाल. मावशींच्या मागे उभा राहा आणि दोन्ही करंगळ्या त्यांच्या कानांत ठेव."

परिमलने आमच्याकडे पाहिलं. आम्ही फिल्मकडे पाहिलं.

"कानांत, सर? दुखणं जबड्यात आहे."

"सांधा कानाला चिकटूनच असतो. ठेव."

तुळसाबाईंनी घास तोंडात घातला. डोळे मिटले आणि चावला.

परिमलने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"काय झालं?"

"कट्‌कन... काहीतरी सरकलं, सर. डावीकडे."

तुळसाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. घास त्यांनी हळूच पदरात काढून घेतला.

"पण फोटोत तर..." परिमल म्हणाला.

सर तुळसाबाईंकडे वळले. "मावशी, फोटो काढताना काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"दात मिटून पडा म्हनले. अजाबात हलायचं न्हाई." त्या घाबरल्या. "न्हाई हलले वो मी."

"ऐकलंस, सबनीस? हाडांपुरता हा फोटो अगदी खरा आहे. हाडांमधली मऊ गादी त्यात नीट दिसत नाही, आणि ती सरकते ती चावताना. आणि मावशी हलल्या नाहीत. सांगितलं तसं केलं त्यांनी."

परिमलने पेटीचा दिवा बंद केला. मग तुळसाबाईंसमोर येऊन वाकला.

"चुकलं माझं, मावशी."

"असू दे, लेकरा. घरचीबी असंच म्हणत्यात."

एवढ्या हुशार मुलाचा चेहरा इतका पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आणि त्या दिवसापासून तो मला आवडायला लागला.

"मुलाला आत बोलाव," सर म्हणाले. "त्याला सांग, आईचं सोंग नाही."

"सांगतो, सर. पण त्याला फोटोतलं हवंय... आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नाही."

सर उरलेली भाकरी पुन्हा फडक्यात बांधत होते.

"करंगळ्या त्यालाही आहेत."