भोपळ्याचं तप

"आणि जनावराला समाधी लागते का, बाबा?"

विमलनाथबाबा मठाच्या पायरीवर पाय धूत होते. खाडीपलीकडच्या मठातला भंडारा आटपून ते नुकतेच टेकडी चढून आले होते. खांद्यावरची झोळी अजून उतरवली नव्हती.

"कुठल्या जनावराला?"

"आपल्या भोपळ्याला."

बाबांनी तांब्या खाली ठेवला.

"लागेल का, असं नाही विचारत मी," कौस्तुभ म्हणाला. "लागली आहे. तुम्ही गेलात आणि लागली."

भोपळ्या म्हणजे मठातला बोका. भगव्या रंगाचा, गोल, आळशी. खालच्या कोळीवाड्यातल्या बायका त्याच्यासाठी सुकट आणायच्या आणि तो ती न उठता खायचा.

कौस्तुभ मठात आला त्याला बरेच महिने झाले होते. विद्यापीठात तत्त्वज्ञानात पहिला आलेला. शिकवायची नोकरी सोडून आला होता. दीक्षा मागितली की बाबा "बघू" म्हणत. तो रोज पहाटे धुनीसमोर बसायचा. पाय बधिर व्हायचे. बाकी काही व्हायचं नाही.

"काय करतो तो?" बाबांनी विचारलं.

"राखेत बसून असतो. पाय दुमडून, मान खाली. अन्न सोडलंय. पुढ्यात सुकट ठेवली तर तोंड फिरवतो. सुकट, बाबा! भोपळ्याने!"

"आणखी?"

"मधूनच एक हाक देतो. लांब, पोटातून. लोक म्हणतात, अलख म्हणतोय."

"लोक म्हणतात?"

"आधी मी म्हणालो."

बाबा ओल्या पायांनीच आत गेले.

धुनीतली जुनी राख मागच्या कोपऱ्यात ओतून ठेवत. त्या ढिगावर भोपळ्या बसला होता. भोवती भस्माचं रिंगण. रिंगणाबाहेर नारळ, उदबत्त्या, सुकलेली झेंडूची फुलं. त्याच्या कपाळावर कुणीतरी कुंकू लावलं होतं.

केस पिंजारलेले. डोळ्यांवर पांढरट पडदा आलेला. तो उठला, जरा सरकला, पुन्हा मागचे पाय दुमडून बसला. सगळं अंग आवळलं. मग ती हाक आली.

कौस्तुभचे हात आपोआप जुळले.

"पाहिलंत?"

बाबांनी रिंगणात पाय टाकला. भस्म पुसलं गेलं.

"बाबा, रेघ… मी कुणाला हात लावू देत नाहीये. विघ्न नको म्हणून."

बाबा उकिडवे बसले. बोक्याच्या पोटाखाली हात घातला. भोपळ्याने चावायला तोंड उघडलं, पण चावा घ्यायची ताकद राहिली नव्हती. पोटात काहीतरी कच्च्या बेलफळासारखं टणक हाताला लागलं.

मग बाबांनी राख चाळायला सुरुवात केली. बोटांनी, खालपर्यंत. सगळी भुरभुरत होती.

"या राखेत हा रोज कशाला यायचा?"

"ते… आधी."

"कशाला?"

"लघवीला."

"ओले गोळे कोण काढायचं?"

"मीच."

"काल काढलेस?"

"नाही. कोरडी होती राख."

"परवा?"

"…कोरडीच होती."

"मग तुला काय वाटलं?"

कौस्तुभचा आवाज खाली गेला होता.

"मला वाटलं, त्याचे देहधर्म सुटले."

बाबांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि त्यात बोक्याला गुंडाळलं. गाठोडं कौस्तुभच्या हातात दिलं.

"चल. मुतणं अडलंय त्याचं."

* * *

जनावरांचा दवाखाना खाडीपलीकडे होता. धक्क्याला माणसं पलीकडे नेणारी होडी उभी होती, पण ओहोटीने गाळात टेकलेली.

"पाणी चढू दे, बाबा," होडीचा तांडेल म्हणाला. त्याने कौस्तुभच्या हातातलं गाठोडं पाहिलं आणि टोपी काढली. "महाराजांची स्वारी कुठं निघाली?"

"दवाखान्यात," बाबा म्हणाले.

तांडेल हसला. मग बाबांकडे पाहून हसायचा थांबला.

ते धक्क्यावर बसले. फडक्यातून हाक आली. मग पुन्हा. आता ती लहान झाली होती.

"ढकलू या ना होडी," कौस्तुभ म्हणाला. "मी उतरतो गाळात. चला ना, काका!"

"रुतशील कमरेपर्यंत. मग तुला काढायचं की मांजराला न्यायचं?"

कौस्तुभ बसला. पुन्हा उठला. पुन्हा बसला.

"मला कसं कळणार होतं, बाबा? मी डॉक्टर नाही."

बाबा पाण्याकडे पाहत होते.

"तो शांत होता. खरंच शांत होता. डोळे अर्धे मिटलेले. मी किती महिने बसतोय, मला एक क्षण तसं जमलं नाही. आणि हा… मी त्याच्यासमोर बसायचो. रात्रीसुद्धा. मला वाटायचं, निदान बघायला तरी मिळतंय."

"ओरडायचा तेव्हा?"

"तेव्हा मीही त्याच्याबरोबर म्हणायचो."

"काय?"

"अलख."

बाबा फडक्याकडे पाहत राहिले. ते कौस्तुभला सोसलं नाही.

"तुम्ही भंडाऱ्याला गेला नसतात तर झालं असतं का हे? भात आणि लाडू खायला जायचं होतं ना तुम्हाला! मठ माझ्यावर टाकून. दीक्षा नाही, काही नाही, फक्त राख काढ, राख काढ…"

"खरं आहे."

"काय खरं आहे?"

"मी जायला नको होतं."

कौस्तुभला भांडायचं होतं. समोरून भांडण आलं नाही. त्याने गाठोडं छातीशी धरलं. फडक्यातून बोक्याचा श्वास लागत होता, उथळ, भराभर.

पाणी चढलं तशी होडी हलली.

* * *

डॉक्टर इनामदार नावाच्या बाई होत्या. त्यांनी पोट चाचपलं, कानाला नळी लावून छाती ऐकली आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"कधीपासून?"

कौस्तुभने सांगितलं.

"आणि इतका वेळ काय करत होतात तुम्ही?"

"…पूजा."

त्यांना वाटलं, हा उर्मट आहे. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. त्या कपाट उघडून बारीक नळी काढू लागल्या.

"बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. वाळूसारखे कण साचून बुचासारखे बसलेत. लघवी तुंबली की विष रक्तात जातं. याचं हृदय अडखळतंय. मी प्रयत्न करते. कबूल काही करत नाही."

"वाचेल ना?" कौस्तुभने विचारलं.

"कबूल काही करत नाही, म्हटलं ना. काय खायचा?"

"सुकट."

"रोज?"

"रोज," बाबा म्हणाले. "मी घालायचो."

"पाणी?"

"दूध द्यायचो. पाणी पितो का ते पाहिलं नाही कधी."

"एवढ्यानेच होतं असं नाही. पण सुकं खाणं आणि पाणी कमी, याने भर पडते." त्यांनी सुई टोचली. "धरा कुणीतरी. घट्ट."

कौस्तुभने धरलं. मठात आल्यापासून त्याने बोक्याला एवढं जवळून कधी धरलं नव्हतं. कपाळावरचं कुंकू घामाने त्याच्या मनगटाला लागलं.

नळी आत जाईना. बाईंनी पाणी सोडलं, थांबल्या, पुन्हा सोडलं. एकदा त्या तोंडातल्या तोंडात चक्क शिवी हासडून गेल्या. बाबा भिंतीशी उभे होते. कुणी हललं नाही.

मग नळीत लाल धार आली.

आधी थेंब. मग अखंड. भांड्याबाहेरही उडाली, कौस्तुभच्या हातावर, पांढऱ्या कुडत्यावर. रक्त, वाळू, उग्र वास.

"आली!" तो ओरडला. "बाबा, आली! बघा ना, बाबा!"

तो रडत होता आणि हसत होता.

"आली," बाबा म्हणाले.

पोट हळूहळू मऊ झालं. भोपळ्याने डोळे उघडले. डॉक्टर बाई मात्र भांड्याकडे पाहत नव्हत्या. त्यांच्या कानातली नळी अजून त्याच्या छातीवर होती.

"बाहेर बसा जरा," त्या म्हणाल्या.

दोघं बाहेर बाकावर बसले. रस्त्यावरून शाळेतली पोरं गेली. कौस्तुभ हात पुसत नव्हता.

"आता मी रोज राख बघेन," तो म्हणाला. "सुकट बंद. पाणी मी स्वतः…"

दार उघडलं. बाईंनी हातमोजे काढले होते.

"थांबलं हृदय," त्या म्हणाल्या. "मी सगळं केलं."

कौस्तुभने बाबांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"पण लघवी झाली ना?"

* * *

होडी अलीकडच्या धक्क्याला लागली तेव्हा ऊन उतरत होतं. कोळीवाड्यातल्या बायका उभ्या होत्या. तांडेलाच्या घरून बातमी गेली होती. त्यांच्या हातात हार होते, एकीच्या हातात नवं कापड.

सगळ्यांत पुढे हिरूबाई. तिने गाठोड्याच्या आकारावरून ओळखलं.

"गेले महाराज?"

कौस्तुभने मान हलवली.

"बाबा, समाधी कुठं बांधायची? आम्ही विटा देऊ. माझा जावई गवंडी आहे."

बाबांनी कौस्तुभकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं.

कौस्तुभला एक वाक्य बोलायचं होतं. सोपं वाक्य होतं. त्याला तत्त्वज्ञानात कधीच एवढा वेळ लागला नव्हता.

"तो तप करत नव्हता, मावशी."

"म्हणजे?"

"लघवी अडकली होती त्याची. आजारी होता. मला कळलं नाही."

"आणि जेवण सोडलं होतं ते?"

"दुखत होतं म्हणून."

"अलख?"

"…ओरडत होता."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेला ना रे तू?" ती पुटपुटली होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

हिरूबाईने पदर तोंडाला लावला. तिच्या हातावर तीन लांब ओरखडे होते, खपली धरलेले.

"मी हार घातला तेव्हा त्याने ओरबाडलं मला," ती म्हणाली. "तू म्हणालास, प्रसाद दिला. मी मिरवत होते रे हे सगळ्या वाड्यात. धुतलं पण नाही."

तिने हार खाली टाकला नाही, गाठोड्यावरही ठेवला नाही. तसाच हातात घेऊन ती निघून गेली. बाकीच्याही गेल्या. नवं कापड आणलेली बाई थोडा वेळ थांबली, मग तीही गेली.

बाबा आणि कौस्तुभ टेकडी चढले.

मठामागे कोकमाच्या झाडाखाली कौस्तुभने खड्डा खणला. जांभ्याचा दगड लागला. कुदळ दोनदा निसटली. बाबांनी बोक्याला आत ठेवलं, फडक्यासकट, आणि हातांनी माती लोटू लागले.

कौस्तुभ उभा होता. कुडत्यावरचे डाग सुकून तपकिरी झाले होते. त्याच्या चेहऱ्यावर आता एक वेगळीच शांतता होती. त्याने बराच वेळ शब्द जुळवले असावेत.

"आज मला काहीतरी दिसलं, बाबा."

बाबा माती लोटत राहिले.

"माझा अहंकार दिसला. इतके महिने बसून जे मिळालं नाही ते याने दिलं. मी म्हणत होतो ते एका अर्थी खरंच होतं. तो साधा बोका नव्हता. प्राण देऊन मला शिकवून गेला."

माती संपली. बाबांनी वरून हात फिरवून ती सारखी केली. एक दगड उचलला, पाहिला, ठेवला नाही.

"मी त्याला गुरू मानतो, बाबा. मनापासून."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"त्याला कुणाला शिकवायचं नव्हतं रे. त्याला मुतायचं होतं."