रोटेनफुर्टचा हेव्याचा पाव

हा जो दगडी पूल दिसतोय, त्याच्या मधल्या कमानीला एक लोखंडी पिंजरा टांगलेला आहे. माणूस उकिडवा बसला तर जेमतेम मावेल एवढा. फोटो काढायचे असतील तर आत्ताच काढून घ्या, कारण थोड्या वेळाने पुलावरूनही माणसं जायला लागतील आणि त्यांचे फोटो काढलेले इथे कुणाला खपत नाहीत. आज ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. आज रोटेनफुर्टमध्ये घरोघरी पाव भाजतात, फडक्यात गुंडाळतात आणि वर्षभरात ज्याचा सर्वांत जास्त हेवा वाटला त्याच्या दारात नेऊन देतात. नुसता देऊन पळायचं नाही. कशाचा हेवा वाटला ते तोंडावर सांगायचं, आणि घेणाऱ्याने तिथेच उंबऱ्यात उभं राहून एक घास खायचा.

हसू नका. मीही हसले होते. मी कालिंदी, माहेर मिरजेचं. लग्न करून इथे आले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी हा प्रकार पाहून मी माझ्या नवऱ्याला, डीटरला, म्हटलं होतं की आमच्याकडे हेवा फुकट करतात, त्यासाठी पीठ मळत नाहीत. तेव्हा सासूबाईंनी मला याच पुलावर आणून ही हकीकत सांगितली. मी तिच्यात भर घालत नाही. थोडी घातली असेल तर ती सासूबाईंनी घातलेली आहे.

ब्राखे नदी इथे पसरट आणि उथळ आहे. पूर्वी गाड्या पाण्यातूनच पलीकडे जात. म्हणून इथे आधी चार झोपड्या झाल्या, मग मठ झाला, मग बाजार, आणि बाजारात पैसा आल्यावर भोवती तट. तट झाला आणि गाव आतल्या आत दाटत गेलं. एकाच्या खिडकीतून दुसऱ्याचं ताट दिसायचं. सासूबाई म्हणायच्या, तटाच्या आत हेवा लवकर आंबतो.

साडेचारशे वर्षांपूर्वी, असे सांगतात, या पुलाच्या तोंडाशी दोन भावांची बेकरी होती. दुकानं दोन, भट्टी एक. थोरला योस्ट बेकरांच्या संघातला मानाचा माणूस होता. त्याची बायको वालबुर्गा. धाकटा भाऊ तापाने गेला, तेव्हा त्याची बायको एल्सबेट हिने दुकान पुढे चालवलं. विधवेला नवऱ्याचा धंदा करायची मुभा होती, पण एका अटीवर. तिच्या हातून एकही चूक होता कामा नये.

जावा जावा उभा दावा ही म्हण इथल्या भाषेत नाही, पण गोष्ट तीच. एल्सबेटच्या पावाला गिऱ्हाईक जास्त. सकाळी दोन्ही दुकानांच्या फळ्या एकाच वेळी उघडायच्या, आणि बायका वालबुर्गाला 'नमस्कार' करून पुढच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. हेही तिने सोसलं असतं. पण एकदा तिने आपल्या नवऱ्याला पिठाच्या कोठीत उभं राहून धाकट्या जावेच्या पावाचा कडेचा तुकडा खाताना पाहिलं. डोळे मिटून खात होता म्हणे. वीस वर्षं तिचा पाव खाताना त्याने डोळे कधी मिटले नव्हते. त्या दिवसापासून वालबुर्गाच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना.

आता इथली एक रीत समजून घ्या. बेकरांच्या घरात तेव्हा घड्याळ नसे. पाव भट्टीत सरकवला की भट्टीच्या दाराशी बसून एक स्तोत्र तीन वेळा म्हणायचं. तिसऱ्यांदा 'आमेन' झालं की पाव बाहेर. आणि भट्टीच्या दाराशी बसायचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. म्हणजे एल्सबेटचा पावसुद्धा वालबुर्गाच्या गाण्यावर भाजला जायचा. एल्सबेट तेव्हा पुढच्या बाजूला दुसरं पीठ मळत असे.

दुसरी गोष्ट वजनाची. नगरसभेचा एक मापाडी होता. तो वर्षातून कधीही, न सांगता यायचा आणि दुकानातला कुठलाही पाव तराजूत टाकायचा. पाव हलका भरला तर तो गरिबाच्या तोंडातला घास चोरल्याचा गुन्हा. त्याची शिक्षा हा पिंजरा. बेकराला आत बसवून तीन वेळा नदीत बुडवायचे.

पाव भट्टीत जास्त वेळ राहिला की त्यातलं पाणी उडतं आणि तो हलका होतो. वरून मात्र छान खरपूस दिसतो. वालबुर्गाने काय केलं, तर आपल्या पावांसाठी स्तोत्र नेहमीच्या चालीत म्हटलं आणि जावेच्या पावांसाठी लांबवलं. एकेक ओळ ओढून, भक्तिभावाने. एल्सबेट पुढच्या बाजूला ऐकायची आणि म्हणायची, "जाऊबाई, आज फार गोड गाताय." मापाडी कोणत्या दिवशी येईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून वालबुर्गा रोज लांबवत राहिली. वसंतापासून पानगळीपर्यंत सात महिने रोज.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मापाडी आला. एल्सबेटचा पाव हलका भरला. दुसरा टाकला, तोही हलका. ती बिचारी तराजूकडेच बघत राहिली. तिने पीठ स्वतः तोलून घेतलं होतं. त्याच दिवशी तिला पिंजऱ्यात बसवलं. नदीचं पाणी तेव्हा हात घालवत नाही इतकं गार असतं. तीनदा बुडवून काढली, ती जगली, पण तिच्या छातीत जो गारठा बसला तो गेला नाही. धंद्याची मुभाही गेली. पुढे ती लोकांचे कपडे शिवून पोट भरू लागली, दर चार टाक्यांना एकदा खोकत.

वालबुर्गाला हवं ते सगळं मिळालं. गिऱ्हाईक तिच्या दारात आलं, कारण दुसरं दार बंदच झालं होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आता तिला डोळ्यांत खुपू लागलं की लोक एल्सबेटच्या दाराशी सरपण टाकून जातात, आजारी पडली तर रस्सा पाठवतात. माझ्या दारात येतात ते पैसे टाकून जातात, आणि हिच्या दारात बसून बोलतात! योस्ट तर जेवताना मान वर करत नसे.

पुढच्या वर्षी पानगळीत मापाडी पुन्हा आला आणि त्याने योस्टच्या दुकानातला पाव तराजूत टाकला. हलका. दुसरा, तिसरा, सगळे हलके.

वालबुर्गाला आधी उमगेना. पीठ तेच, पाणी तेच, लाकूड तेच. मग तिला कळलं. सात महिने रोज लांबवून तिच्या जिभेला तीच चाल बसली होती. आता भट्टीत एकच घाणा जायचा, तिचा स्वतःचा, आणि ती त्याच्यासमोरही तशीच ओढून ओढून गात होती. तिला वाटे आपण पूर्वीसारखंच म्हणतोय.

योस्ट साठीचा होता आणि त्याचं हृदय कमजोर होतं. पहिल्याच बुडीत तो जाईल हे सगळ्या गावाला दिसत होतं. त्याला या पुलावर आणलं, पिंजऱ्याचं दार उघडलं. सगळं गाव जमलं होतं आणि गर्दीत शाल लपेटून एल्सबेटही उभी होती. सांगतात की वालबुर्गाने आधी तिच्याकडे पाहिलं. नवरा मरायला निघाला होता आणि तरी तिच्या मनात आलं ते हेच, की मी आता बोलले तर ही सगळ्यांसमोर खरी ठरेल. एवढा जबर असतो हेवा. योस्ट पिंजऱ्यात वाकून शिरला तोवर तिचं तोंड उघडलं नाही. शिरताना त्याने आपली टोपी काढून तिच्या हातात दिली, ओली होऊ नये म्हणून. तेव्हा ती ओरडली.

"थांबा! पाव त्यांनी हलका केला नाही. मी केला. हिचाही मीच केला होता."

"कसा?" मापाड्याने विचारलं.

"गाऊन."

लोक हसले. त्यांना वाटलं हिला वेड लागलं. मग वालबुर्गाने पुलावर उभं राहून ते स्तोत्र आधी जुन्या चालीत म्हटलं. तिला ती आठवून आठवून म्हणावी लागली. मग लांबवून म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना बेकरांच्या बायका रडायला लागल्या, कारण त्यांना हिशोब कळला होता.

योस्टला सोडून दिलं. पण वालबुर्गाचं काय करायचं हे नगरसभेला कळेना. सगळी नियमांची पुस्तकं चाळली, तरी सावकाश गाण्याला शिक्षा सापडली नाही. शेवटी सर्वांत वयस्क सभासद म्हणाला की हिने दरवर्षी याच दिवशी एक पाव भाजावा, जावेच्या दारात न्यावा आणि हेवा केला असं तिच्या तोंडावर सांगावं. ती तो घेईल की फेकेल हे तिच्यावर. एल्सबेटला धंद्याची मुभा परत देऊ केली. पण पीठ मळण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता.

पहिल्या वर्षी वालबुर्गा पाव घेऊन गेली. एल्सबेटने दार उघडलं, ऐकून घेतलं, एक घास खाल्ला आणि दार लावलं. दुसऱ्या वर्षी तसंच, तिसऱ्या वर्षीही तसंच. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. का म्हणावं तिने? अशी सव्वीस वर्षं गेली. दोघी म्हाताऱ्या झाल्या. सव्विसाव्या वर्षी एल्सबेट अंथरुणावर होती. तिने घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "पाव चांगला झालाय." वालबुर्गा तिथेच जमिनीवर बसली म्हणे. सगळा जन्म तिला कुणाच्या तरी तोंडून एवढंच ऐकायचं होतं. त्या हिवाळ्यात एल्सबेट गेली.

तोवर गावातल्या इतर बायकांनीही गुपचूप पाव न्यायला सुरुवात केली होती. हेवा काय एका वालबुर्गाच्याच घरी होता? पुढे पुरुषही नेऊ लागले, आणि गावावर जे जे आलं ते ते या पावातून गेलं. प्लेगच्या वर्षी लोक पाव उंबऱ्यावर ठेवून रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगत, "तुमच्या घरी सगळी जिवंत आहेत!" तीस वर्षांच्या युद्धात सैन्य दोनदा आलं आणि हा पूल आणि चर्च सोडून सगळं जाळून गेलं. तेव्हा ओकच्या फळांचं पीठ करून पाव भाजले. आगगाडी आली, कापडाच्या गिरण्या आल्या, बाहेरून कामगार आले. वरच्या आळीतले मालक त्यांच्या दारात कित्येक वर्षं गेले नाहीत, कारण पाव नेला म्हणजे याच्याकडे आपल्याला हवंसं काहीतरी आहे हे कबूल करावं लागतं.

एका वर्षी ही रीत वरून हुकूम काढून बंद केली. शुद्ध रक्ताच्या माणसाला कुणाचा हेवा वाटत नाही, असं त्या हुकमात म्हटलं होतं. बाजारात तेव्हा ज्यू कुटुंबांची नऊ दुकानं होती. त्यांच्या दारात पूर्वी या शनिवारी पुष्कळ पाव यायचे. त्या वर्षी पाव कुणी नेला नाही. दुकानांतलं सामान मात्र नेलं, आणि पुढे ती माणसंही नेली गेली. सासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने तिथला एक दिवा घरी आणला होता, हे त्यांनी मला मान खाली घालून सांगितलं.

मग बाँब पडले. एका दुपारी अर्धं गाव संपलं. आज जी जुनी घरं म्हणून तुम्ही बघताय ती बहुतेक नंतर जुन्यासारखी बांधलेली आहेत. युद्ध संपल्यावरच्या ऑक्टोबरात लोक विटांच्या ढिगाऱ्यांवरून बटाट्याच्या सालींचे पाव घेऊन निघाले. हुकूम काढणारे उरले नव्हते. त्या वर्षी जवळजवळ सगळे पाव एकाच प्रकारच्या दारात गेले, जिथे नवरा परत आला होता तिथे.

आजही रोटेनफुर्टमध्ये घेणारा एक घास खातो आणि तेवढंच म्हणतो, पाव चांगला झालाय. माफ केलं असं कुणी म्हणत नाही. पाव दगडासारखा असला तरी हेच म्हणायचं. मी हे खात्रीने सांगते, कारण माझ्या शेजारणीच्या, हेडविगच्या दारात मी दोनदा दगड घेऊन गेले आहे. डीटर तिच्या आलुबुखाराच्या केकचं फार कौतुक करायचा. माझ्या पुरणपोळीला 'छान' म्हणायचा आणि तिच्या केकला दुसऱ्यांदा मागायचा. माझा तिळपापड व्हायचा. हेडविगने दोन्ही वेळा माझा पाव दाताखाली मोडून खाल्ला.

ती मात्र माझ्याकडे कधी आली नव्हती. माझा हेवा करावा असं माझ्यापाशी होतं तरी काय! आज सकाळी, तुमची बस यायच्या आधी, दाराची घंटा वाजली. दारात हेडविग, वय एक्क्याऐंशी, हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. म्हणाली, "मार्चमध्ये डीटर गेला तेव्हा तू चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने रडलीस. माझा कार्ल गेला तेव्हा मी आलेल्यांना कॉफी देत होते. अकरा वर्षं झाली. मला तुझ्या रडण्याचा हेवा वाटला."

मी घास घेतला. मी म्हटलं, "हेडविग, पाव चांगला झालाय." तिने मान हलवली आणि पायऱ्या उतरून ती फाटकापर्यंत गेली. तिथे कडीला हात लावून थांबली. मग तिथेच, भर रस्त्यावर, पाव घेऊन जाणाऱ्या सगळ्या गावासमोर, ती मोठ्याने रडली.