सिंहासनाखालचा वारा

एका राज्यात मणिधर नावाचा राजा होता, आणि त्याला होडी लागत असे. जलविहाराला निघाला की ओकाऱ्या. दरबारी म्हणाले, "महाराज, समुद्र खवळला आहे." राजा समजला, खवळला म्हणजे आपल्यावर रागावला. जन्मभर ज्याचे मीठ खाल्ले, त्याची भाषा याला ठाऊक नव्हती.

त्याने कालदंड मांत्रिकाला आज्ञा केली, "याचा राग उतरव." मांत्रिकाने उत्तरेचा वारा तांब्याच्या घागरीत कोंडला, तोंडावर लाख ओतली आणि घागर सिंहासनाखाली ठेवली. दर्या ताटातल्या पाण्यासारखा निपचित झाला. राजा नावेत बसून सुखाने जेवू लागला.

वर्ष सरले. पाणी कोमट झाले, मासळी नाहीशी झाली. कोळीवाड्यातल्या चुली थंडावल्या. दोन तान्ही बाळे दगावली, त्यातले एक सुंद्रा नाखविणीच्या लेकीचे. आणि राजाने काय करावे? कोळ्यांच्या पापाने समुद्राचा शाप लागला, अशी दवंडी पिटवली. पुनवेला त्यांच्या होड्या जाळायचे ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सुंद्रा दरबारात गेली.

"राजं, दर्या खवलतो म्हनजे रागावत नाय. पेज ढवलली नाय तर वर नुसती निवल ऱ्हाते, शितं तलाला बसतात. दर्याला वारा ढवलतो. तलाचं गार पानी वर येतं, त्याच्यावर मावरं जगतं. वारा कुठं हाय?"

सिंहासनाच्या कळसावर कुरव हा समुद्रपक्षी बसला होता. तो म्हणाला, "वारा राजाच्या बुडाखाली घागरीत आहे. ज्याच्या हुकुमाने कोंडला, त्याने तीन कामे करावीत, तरच लाख फुटेल. रिकामे जाळे ओढावे. रिकामी पाटी घेऊन बाजार फिरावा. आणि चूक माझी, असे म्हणावे."

सुंद्रा म्हणाली, "लाख नाय फुटली तर माजी होडी मीच पेटवीन."

सारा दरबार ऐकत होता, तेव्हा राजाला उठणे भाग पडले. मांत्रिक कधीच पळाला होता.

सकाळभर राजाने जाळे ओढले, तळहात सोलवटले. दुपारी तो पाटी घेऊन बाजारात फिरला. बाया विचारत, "काय आणलंस?" आणि "काही नाही" असे त्याला शंभरदा सांगावे लागले. सांजवेळी घागरीपुढे उभा राहून तो काहीतरी पुटपुटला. घागर ढिम्म.

"मोठ्यानं," सुंद्रा म्हणाली.

"चूक माझी," राजा म्हणाला, आणि ते शेवटच्या पहारेकऱ्यानेही ऐकले.

लाख तडकली. वारा दरबाराचे छप्पर घेऊन बाहेर पडला. महिनाभर तो दर्या ढवळत राहिला, पाणी हिरवे झाले. मग सरंगा आला, बांगडा आला. होड्या वाचल्या, चुली पेटल्या.

दरबारी लेखकाने पोथीत लिहिले, 'या साली समुद्राचा शाप सुटला.' सुंद्राने ते मोठ्याने वाचायला लावले.

"दर्यानं शाप दिला कवा? खोड ती ओल."

लेखकाने राजाकडे पाहिले. राजाने मान खाली घातली. लेखकाने ओळ खोडून लिहिले, 'या साली राजाने वारा कोंडला. दोन बाळे गेली.'

"आता त्यांची नावं लिव," सुंद्रा म्हणाली. तिने नावे सांगितली, आणि ती लिहून होईपर्यंत जागची हलली नाही.

अशी ही कहाणी. ऐकणाऱ्याच्या ताटात मासळी पडो, आणि राजाचे पाप राजाच्याच नावावर चढो.