मऊ तोंडाचा पिंगल

पूर्वी दंतपूर नगरीत एक राजा राज्य करीत होता आणि त्याला लावा पक्ष्यांच्या मांसाचा फार नाद होता. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेर व्याधांच्या वस्तीत एका कुत्रीच्या पोटी जन्मला. पाच पिल्लांतले ते चौथे. रंग पिंगट, म्हणून त्याला पिंगल म्हणू लागले. बोधिसत्त्व गजराज झाला, श्रेष्ठी झाला, हे सांगताना जीभ अडखळत नाही. कुत्र्याचे पिल्लू झाला हे सांगताना जरा अडखळते. पण झाला खरा.

राजाचे एक म्हणणे असे. लावा जिवंत पाकशाळेत यावा आणि त्याच्या अंगावर दाताचा व्रण नसावा. व्रण दिसला की ताट परत जाई. म्हणून त्या वस्तीतल्या कुत्र्यांना पक्षी नुसता शोधता येऊन भागत नसे, तो फुलासारखा उचलून आणता यावा लागे.

यासाठी वस्तीत एक रीत होती. पक्ष्यांच्या कामासाठी निवडलेले पिल्लू ज्या घरात अंगावर पिणारे मूल असेल त्या घरी वाढवायला देत. जिच्या हाताला तान्हे धरायची सवय आहे, तीच कुत्र्याच्या तोंडाला हलके धरणे शिकवू शकते, असे जुन्या माणसांचे मत होते. रीतीचा दुसरा भाग कोणी मुद्दाम सांगत नसे, तो सगळ्यांना ठाऊक असे. कामातून गेलेला कुत्रा जिवंत ठेवायचा नाही, कारण त्याचे पाहून बाकीचे बिघडतात. आणि ज्या बाईने तो वाढवला तिनेच हाक मारून तो धरून द्यायचा, कारण असा कुत्रा दुसऱ्या कोणाच्या हाकेला येत नाही. न दिला तर त्या घराने वस्ती सोडायची.

पिंगल चाळीस दिवसांचा झाला तेव्हा तो वेणुकेच्या घरी आला. वेणुका ही गोधिक नावाच्या जाळेवाल्या व्याधाची बायको. तिचा मुलगा तिस्स सात महिन्यांचा होता. घरात सासू होती, आणि सासूचे सगळीकडे लक्ष होते.

पहिला धडा अंड्याचा. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत कच्चे अंडे तोंडात धरून न्यायचे आणि परत आणायचे. पहिल्या आठवड्यात सोळा अंडी फुटली. वेणुका दर वेळी हळहळे, पिल्लाचे तोंड पुसे, आणि वाया कशाला घालवायचे म्हणून सांडलेले त्यालाच चाटायला देई.

सासू भिंतीला टेकून बघत होती. आठव्या दिवशी ती म्हणाली, "सूनबाई, फोडलं की चाटायला मिळतं, हे त्याला कळलंय. तुला कधी कळायचं?"

"माझं चुकलंच, आत्याबाई."

"चुकलं म्हणून काय झालं. कुत्रं तरी शिकलं ना काही."

त्या दिवसापासून फुटलेले अंडे उकिरड्यावर जाऊ लागले, आणि दहा दिवसांत पिंगल अंडे घेऊन अंगणाला तीन फेऱ्या मारू लागला. त्यानंतर लाव्याची पिसे बांधलेला कापडाचा गोळा. मग लांब दोरी लावून, हाक मारली की परत येणे. हाक एकच होती, "ये रे माझ्या लेकरा." तिस्सलाही वेणुका त्याच शब्दांनी बोलवी. दोघांना दोन हाका ठेवाव्यात हे तिला सुचले नाही; कामे इतकी होती की एक हाक तोंडात बसली ती बसली. ती हाक आली की रांगणारे मूल आणि धावणारे पिल्लू दोघेही वळून बघत. यात तिला गंमत वाटे आणि थोडी धास्तीही वाटे, पण धास्ती तिला कशाचीही वाटत असे. मूल जास्त झोपले तरी ती नाकापुढे बोट धरून बघे.

शेवटचा धडा जिवंत लाव्याचा. पंख दोऱ्याने बांधलेला लावा गवतात सोडायचा. पिल्लाने वास घेत जायचे, सापडला की पुढचा एक पाय उचलून जागच्या जागी थिजायचे, आणि सांगितल्यावर तो उचलून आणायचा. आणला की वेणुका लाव्याला वेताच्या करंडीत ठेवी आणि पिंगलच्या देखत त्याला वरीचे दाणे घाली. हेही रीतीतलेच होते. आपण आणलेला जीव घरचा आहे असे कुत्र्याला वाटले, की त्याचा जबडा आपोआप मऊ राहतो. पिंगल समोर बसून लाव्याला दाणे टिपताना बघत राही. पुढे तो करंडीजवळच झोपू लागला. या बाईने मला आणले, खाऊ घातले, वाढवले. मी आणतो त्यांनाही ती वाढवते, असे त्याच्या मनाने घेतले.

वस्तीतली माणसे आणखी एक गोष्ट पाळत. अशा कुत्र्याला पाकशाळेच्या दाराकडे कधी नेत नसत.

शरदात धान्य निघाले, शेतात धसकटे राहिली आणि शिकार सुरू झाली. पिंगल थिजून उभा राही, गोधिक आणि त्याचे सोबती पुढे होऊन जाळे पसरत. जाळ्यातून निसटून काट्याकुट्यांत शिरलेले पक्षी पिंगल एकेक करून आणी. एकावरही व्रण नसे. राजाच्या मृगयेचा प्रमुख दंडकेतू याने त्याला दोनदा हाताने थोपटले. दंडकेतू कोणाला थोपटत नसे. सासू शेजारणींना सांगू लागली, "आमच्या सुनेच्या हाताला गुण आहे." सुनेला मात्र तिने तसे सांगितले नाही.

एके दिवशी गोधिकचा पाय मुरगळला. लाव्यांची करंडी पाकशाळेत पोहोचवायला वेणुका निघाली. तिस्सला खोकला झाला होता, म्हणून तो कडेवर. डोक्यावर करंडी. पिंगल मागे येऊ लागला. त्याला बांधायला हवे होते, हे तिला माहीत होते. पण दोरी घरात होती, मूल किरकिरत होते, आणि पिंगलने तिच्याकडे असे पाहिले की तिच्याने त्याला परत पाठववले नाही. "चल बाबा," ती म्हणाली. तिच्या हातून जे झाले ते एवढेच.

पाकशाळेच्या मागच्या दारी चिंचेखाली आचारी बसला होता. त्याने करंडीचे झाकण काढले, एक लावा उचलला, मान पिरगळली आणि बाजूला ठेवला. मग दुसरा.

"आज बारकेच दिसतात," तो म्हणाला.

"असतील. दादा, पोराला खोकला फार आहे. ज्येष्ठमधाची कांडी मिळेल का एखादी?"

"देतो की. छातीत कफ वाजतो का?"

"वाजतो. रात्रीचा जास्त."

बोलता बोलता आचाऱ्याने वीस लावे संपवले. पिंगल करंडीजवळ बसला होता, रोज बसे तसाच. त्याने प्रत्येक पक्षी ओळखला. पहिल्या दोघांनंतर त्याने वेणुकेच्या तोंडाकडे पाहिले. ती मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत होती. तिने खाली पाहिले नाही.

घरी येताना बोधिसत्त्वाने विचार केला, "ही बाई दुष्ट नाही. तिने मला हलके धरायला शिकवले, आणि ते शिकवणे खोटे नव्हते. पण मी हलके धरतो म्हणूनच हे पक्षी जिवंत त्या हातापर्यंत पोहोचतात. माझ्या तोंडाच्या मऊपणावर ती मान पिरगळणे चालले आहे. मऊपणा मी सोडणार नाही. तो कोणासाठी वापरायचा हे मात्र यापुढे मी ठरवीन."

पुढच्या शिकारीला पिंगलने लावे शोधले, पाय उचलला, थिजला. जाळे पसरायला माणसे वाकली तेव्हा त्याने दोन पावले पुढे टाकली आणि सगळा थवा उडाला. एक पक्षी लंगडत होता. पिंगलने तो उचलला, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या बोराटीच्या जाळीत सोडून तो रिकाम्या तोंडाने परत आला. दुसऱ्या शिकारीलाही तेच, तिसऱ्यालाही तेच.

दंडकेतू वेणुकेच्या अंगणात आला. बसला नाही.

"तुझा कुत्रा ओढ्यापलीकडे कोणासाठी शिकार करतो?"

"लहान आहे, महाराज. समजावते मी."

"कुत्र्याला समजावतेस?" दंडकेतू हसला. "समजाव. उद्या राजा स्वतः शिकारीला येतोय. मग रीत तुला ठाऊक आहे."

तो गेल्यावर वेणुकेने पिंगलचे तोंड दोन्ही हातांत धरले. "एक तरी आण," ती म्हणाली. "उद्याचा दिवस एकच आण. पुढचं पुढे बघू." पिंगलने तिचे हात चाटले. सासू चुलीपाशी होती. ती लाकूड आत सारत राहिली.

दुसऱ्या दिवशी राजाच्या डोळ्यांदेखत थवा उडाला. पिंगल एक जखमी लावा घेऊन ओढ्यापलीकडे गेला. माणसांनी दगड मारले, म्हणून तो तिकडेच थांबला. राजा परतला. दंडकेतूने वेणुकेला बोलावणे पाठवले.

दुपारची वेळ होती. अलीकडच्या काठावर लव्हाळ्यात दोन माणसे फास घेऊन बसली होती. वेणुका वाळूत उभी, तिस्स कडेवर. गोधिक काठीचा आधार घेऊन मागे उभा होता.

"मार हाक," दंडकेतू म्हणाला.

वेणुकेने तिस्सला दुसऱ्या कडेवर घेतले.

गोधिक हळूच म्हणाला, "थंडी तोंडावर आहे. वस्ती सोडून हे खोकणारं पोर घेऊन कुठं जायचं आपण? मार."

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही मारा की."

"माझ्या हाकेला येतोय होय तो?"

वेणुकेने हाक मारली. "ये रे माझ्या लेकरा."

कडेवरच्या तिस्सने मान वळवून तिच्याकडे पाहिले, कारण ती हाक त्याचीही होती.

पलीकडच्या काठावर पिंगल उठला. वारा अलीकडून पलीकडे वाहत होता. त्याने नाक वर केले, लव्हाळ्याकडे तोंड केले, पुढचा एक पाय उचलला आणि थिजला. कुठे काय दडले आहे ते तो दाखवत होता, जसे त्याला शिकवले होते तसे. काठावरच्या प्रत्येकाला ते समजले. लव्हाळ्यातल्या एका माणसाने फास खाली ठेवला आणि दंडकेतूने डोळे वटारल्यावर पुन्हा उचलला.

बोधिसत्त्वाला वाटले, "मी गेलो नाही तर हे घर उघड्यावर पडेल आणि मूल थंडीत जाईल. हिने मला हाक मारली ती भीतीने. तिच्या भीतीचा मला राग नाही. पाय खाली ठेवावा."

त्याने पाय खाली ठेवला आणि तो पाण्यात शिरला. पोहत आला, अंग झाडले, वेणुकेपाशी आला. तिचा रिकामा हात लोंबत होता. तो त्याने तोंडात धरला, अंडे धरी तसा. तेवढ्यात फास पडला.

बाकीचे सांगण्यासारखे नाही. फार वेळ लागला नाही, असे गोधिक पुढे म्हणत असे.

घरी आल्यावर वेणुकेने हात उजेडात धरून पाहिला. व्रण नव्हता. धुऊन पाहिला, तरी नव्हता. एखादा तरी असता तर तिला बरे वाटले असते.

चौथ्या दिवशी तिच्या घरी नवे पिल्लू आले. काळे होते. सासूने अंड्यांची टोपली पुढे सरकवली. वेणुकेने एक अंडे घेतले आणि पिल्लाचे तोंड उघडले. मूल अंगावर पीत होते, थंडी पडली होती, आणि डोक्यावर छप्पर होते. तिने ते पिल्लूही चांगले शिकवले. त्याला हाक शिकवली ती शिट्टीची. तिस्स मोठा झाला, पण त्याला तिने पुन्हा कधी हाक मारली नाही. जेवायची वेळ झाली की ती खेळाच्या जागी जाऊन उभी राही. पोरे विचारत, "तुझी आई मुकी आहे का रे?" तिस्स म्हणे, "नाही. ती नुसती येऊन उभी राहते."

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा जेतवनात सांगितली, तिला कारण घडले ते असे. श्रावस्तीत कुंभारआळीत एक तरुण आई राहत होती. भिक्षू दारावरून जाऊ लागले की इतर घरांतून "यावे, भंते" अशी हाक येई. ही मात्र पळीभर भात घेऊन उंबऱ्यात नुसती उभी राही. भद्रजित नावाचा एक भिक्षू थट्टेने म्हणाला, "ही बाई भात देते, शब्द मात्र जपून ठेवते." शास्त्याच्या कानी ते गेले. तो म्हणाला, "भिक्षूंनो, तिचे हे आजचे नाही," आणि त्याने मागची हकीकत सांगितली.

मग त्याने जुळवून दाखवले. त्या वेळची वेणुका म्हणजे ही कुंभारआळीतली बाई. गोधिक आजही तिचा नवरा आहे. सासू या जन्मी तिची थोरली मुलगी झाली आहे आणि तितकेच बोलते. तिस्स आजही तिच्याच कडेवर आहे. दंडकेतू म्हणजे ज्याने थट्टा केली तो भद्रजित. भद्रजिताने मान खाली घातली. आणि पिंगल म्हणजे मीच, असे शास्ता म्हणाला.

अशा कथांच्या शेवटी ऐकणाऱ्याला कोणते फळ मिळाले ते सांगतात. त्या बाईला काही मिळाले असे मला कुठे आढळले नाही, आणि पदरचे लिहायला धीर होत नाही. एवढेच कळते, की दुसऱ्या दिवशी शास्ता तिच्या दारी हाकेवाचून थांबला. तिने भात वाढला. वाढताना थोडी शिते उंबऱ्यावर सांडली. शास्त्याने पात्र थोडे पुढे केले आणि तिचे वाढून होईपर्यंत तसेच धरून ठेवले.

फास ठाऊक असून पाण्यात शिरलेला आणि हाक मारणारीच्या हातावर व्रण न ठेवणारा तो गुण, त्याला क्षांती, म्हणजे राग न धरता सोसणे, म्हणतात.